शहजादा का थांबला

दादा,

मला भीती वाटते आहे. हे आधीच सांगून टाकते. आधी इकडचं तिकडचं बोलायचं आणि खरा मुद्दा निघताना चपला घालता घालता काढायचा, ही माझी सवय तुला पाठ होती. तू दारात उभा राहून म्हणायचास, "आता काढ त्या चपला, बस परत आणि नीट सांग." असं दटावणारं आता कुणी उरलं नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. तू गेल्याचं दुःख आहेच. पण भीतीनं सगळं घर अडवून ठेवलंय, दुःखाला बसायला जागा मिळत नाहीये.

भीती कशाची, तेही सांगते. रविवारी सकाळी माझी अँजिओग्राफी आहे. मनगटातून नळी घालून हृदयापर्यंत जातात आणि बघतात म्हणे. तू गेल्यावर इथल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. आधी तुमचे वडील असेच गेले, आता भाऊ, तेव्हा बाई, तुम्ही आमच्या समोर बसा, असं म्हणाले. ईसीजी काढला. पट्ट्यावर चालवलं. मशीनमधला कागद बघून म्हणाले, अँजिओग्राफी लवकर करायला हवी. मी लगेच म्हणाले, "जुलैत सुट्टीला जाणारच आहे, तेव्हा मुंबईला करून घेते." माझ्या तोंडून तुझंच वाक्य बाहेर पडलं.

तुझ्या त्या मंगळवारबद्दल मला अजून धड बोलता येत नाही. मी नववीच्या वर्गात फळ्यावर त्रिकोण काढत होते. वहिनीचा फोन आला, तिला बोलता येईना. प्रकाश कामावरून तसाच हॉस्पिटलला धावला. तिथल्या पोलिसानं त्याला तोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ऑफिसातून माबेलाला घरी जाताना तू गाडी हायवेच्या कडेला घेतलीस, गिअर पार्किंगला टाकलास, हँडब्रेक ओढलास, चारी इंडिकेटर लावलेस आणि मग गेलास. मागून येणाऱ्या कुणाला त्रास होऊ नये याची सगळी व्यवस्था करून गेलास. त्या पोलिसाला तुझ्या नीटनेटकेपणाचं फार कौतुक वाटलं, असं प्रकाश म्हणाला. मला त्या नीटनेटकेपणाचा संताप आला. इतका वेळ होता, तर गाडी सरळ हॉस्पिटलात घालायची होतीस.

डिकीत पाण्याच्या बाटल्यांचा बॉक्स होता. तो असणारच होता. उन्हात रस्त्याचं काम करणारे दिसले की तू गाडी थांबवून बाटल्या वाटायचास. आम्ही चिडवायचो की मस्कतमध्ये तांबे साहेबांची पाणपोई फिरते. पण आम्हाला कारण माहीत होतं. आपल्या घरात पाणी प्यायल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. शाळेला निघा, बाजाराला निघा, नाहीतर परदेशी निघा, आई दारात तांब्या घेऊन उभी. मी लग्न होऊन निघाले तेव्हाही शालू सावरत तांब्याभर पाणी प्यायले होते आणि प्रकाशकडचे लोक बघत राहिले होते. ही रीत गोंदनाकाची. आपल्या आजोबांच्या आजोबांची.

गोंदनाक दापोलीकडून जाऊन मुंबईच्या पलटणीत शिपाई झाला. पलटण अफगाणिस्तानात गेली. तिथे मैवंद नावाच्या माळावर, ऐन जुलैच्या उन्हात, इंग्रजांच्या फौजेची दाणादाण उडाली. वाचले ते कंदहारच्या दिशेनं पळत सुटले. रात्रभर आणि दुसरा दिवसभर रस्ता, आणि रस्त्यात पाणी नाही. गोळीनं मेले त्याहून जास्त माणसं आपल्या डोळ्यांदेखत तहानेनं पडली, असं गोंदनाक सांगायचा. त्याच्या कातडी पिशवीत घोट-दोन घोट उरलं होतं. ते मागताना त्या रस्त्यावर कुणी त्याला जात विचारली नाही. कंदहारला पोचल्यावर विचारली, असं आजोबा सांगायचे आणि हसायचे. आजोबा त्यावर का हसतात ते मला लहानपणी कळत नसे.

आपल्या घरात एवढीच गोष्ट होती. तहान, रस्ता, पाणी. समोर लढायला कोण होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते तू शोधलंस. पुण्याला इंजिनीअरिंगला असताना अभ्यास सोडून वाचनालयात जाऊन बसलास आणि दिवाळीत घरी येऊन मला ओटीवर गाठलंस. म्हणालास, "छोटे, आपल्या खापरपणजोबाला कुणी पळवलं ते मला सापडलं." एखादा हरवलेला चुलता सापडावा तसा तुझा चेहरा होता.

अफगाण अमीराचा मुलगा. हेरातचा सुभेदार. पंचविशीच्या आतबाहेरचा. इंग्रजांनी बापाचं राज्य मोडलं, भावाला कैदेत टाकलं, तेव्हा हा हेरातहून फौज आणि तोफा घेऊन निघाला आणि मैवंदला त्यानं इंग्रजांना असं हरवलं की विलायतेत खळबळ उडाली. तू त्याचं नाव कधी घेत नसस. "शहजादा" म्हणायचास, जणू वरच्या मजल्यावर राहतो. शहजाद्याच्या तोफा चांगल्या होत्या. शहजाद्याला कविता आवडायच्या. शहजाद्यानं असं करायला नको होतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटत होतं की हा तुझा कुणी कॉलेजचा मित्र आहे.

मस्कतला आल्यावर तर तुला ऐकणारे मिळाले. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात तुला दहा मिनिटं बोलायला देत आणि तू ती मैवंदवर घालवायचास. तू उठलास की मागच्या रांगेत कुजबुज व्हायची, तांबे साहेब निघाले अफगाणिस्तानला, आता जेवण लांबलं. एकदा एका उत्साही माणसानं उभं राहून विचारलं की आपल्या लोकांच्या पराक्रमाच्या एवढ्या गोष्टी असताना हरलेल्या लढाईची गोष्ट जयंतीला कशाला, आणि आपल्याला मारणाऱ्याचं एवढं कौतुक कशाला. तू चष्मा पुसलास. मग म्हणालास, "जिंकलेली लढाई सरकार सांगतं. हरलेल्या लढाईतून जो घरी आला त्याची गोष्ट घरानंच सांगायला पाहिजे. आणि त्याला हरवणारा कोण होता हे माहीत नसेल, तर तो कशाला भ्याला हेही कळत नाही."

भ्याला. हा शब्द तू मुद्दाम वापरायचास. बाकीच्यांचे पूर्वज शूर होते, आपला भ्यालेला होता आणि पळाला होता, हे तू छाती पुढे काढून सांगायचास. मला लाज वाटायची. एवढं करून इंग्रजांनी पुढे आपल्या लोकांची भरतीच बंद केली, हेही तू सांगायचास. पण गोंदनाकावर तुझा राग नव्हता आणि शहजाद्यावरही नव्हता. तो राग कुठे ठेवला होतास, हे मी तुला कधी विचारलं नाही.

हमरियातल्या त्या नानच्या दुकानात तू मला पहिल्यांदा नेलंस तो दिवस आठवतो. तंदूरवर बसणारा माणूस कंदहारकडचा आहे एवढं कळलं आणि झालं, तुझा जीव तिथे अडकला. शुक्रवारी सकाळी नान आणायचं निमित्त करून तासभर उभा राहायचास. त्या बिचाऱ्याला लढाईबद्दल फार काही माहीत नव्हतं. लहानपणी शाळेत नाव ऐकलं होतं, गावाकडे लोक त्याला मैवंदचा विजेता म्हणतात, एवढंच तो सांगू शकला. तू उलट त्यालाच सगळी लढाई सांगितलीस. कुठे तोफा, कुठे नाला, कुठे बाग. तो ऐकत राहिला. शेवटी तुझा त्यात काय संबंध म्हणून त्यानं विचारलं. माझे पूर्वज समोरच्या बाजूनं होते, असं तू सांगितलंस. त्यानं हात पुसले आणि आम्हाला चहा पाजला. घरी येताना गरम नानचा वास गाडीभर आणि तू खुशीत. मी म्हणाले, तुझ्या खापरपणजोबाच्या शत्रूकडे चहा पिऊन आलास. तू म्हणालास, "शत्रू कसला? आपला माणूस त्या माळावर परक्याच्या हुकमानं आला होता, पोटासाठी चाकरी करत, आपल्यासारखी."

आपल्यासारखी, हे तू त्याच्या शेवटाबद्दल तर नेहमीच म्हणायचास. मैवंद जिंकूनही शहजाद्याच्या हाती काही राहिलं नाही. कंदहारला हरला. वर्षभरानं पुन्हा घेतलं, तर सख्ख्या चुलतभावानं काढून घेतलं. इराणात पळाला. शेवटी ज्यांना हरवलं होतं त्याच इंग्रजांच्या आश्रयाला हिंदुस्थानात येऊन राहिला. बंगला, नोकरचाकर, तनखा, पण परवानगीशिवाय हलायचं नाही. तिकडेच लाहोरला म्हातारा होऊन गेला. "त्याचाही व्हिसा दुसऱ्याच्या हातात होता," असं तू म्हणायचास आणि सगळे हसायचे. कंपनीनं तुमच्यातली माणसं कमी करायला सुरुवात केली तेव्हापासून मात्र तू हे म्हणणं बंद केलंस. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी समजले की विनोद जुना झाला.

आता आपलं भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि मला ते संपवायचं आहे.

तू गेलास त्याच्या आधीचा शुक्रवार. माबेलाला तुमच्याकडे जेवायला आलो होतो. वहिनीनं सुरमई तळली होती. आमची अन्वी नेहमीप्रमाणे मोबाईलमध्ये डोकं घालून काटे काढत होती. आणि कसं कुणास ठाऊक, विषय शहजाद्याच्या त्या चुकीवर आला. हा माणूस मैवंद जिंकला, समोरची फौज पार मोडली, कंदहारचा रस्ता उघडा पडला. लगेच निघाला असता तर कंदहार पडलं असतं. पण तो निघाला नाही. तिथेच थांबला. नंतर सावकाश जाऊन वेढा घातला, तोवर इंग्रजांनी काबूलहून दुसरी फौज धावत आणली आणि सगळं संपलं.

तू नेहमीसारखा त्याची बाजू घेतलीस. त्याची केवढी माणसं मेली होती, त्यांना पुरायचं होतं. जखमी होते. माणसं थकली होती. वर ऊन. एक मोठा सेनापती आपल्या मेलेल्यांना उघड्यावर टाकून पुढे जात नाही. त्या थांबण्यातच त्याचं माणूसपण आहे, असं तुझं म्हणणं. मी सुरमईचा काटा बाजूला ठेवला आणि म्हणाले, खोटं आहे. तो घाबरला होता. हरायची तयारी करून आलेला माणूस अचानक जिंकला, आणि आता पुढे काय आहे ते त्याला बघायचं नव्हतं. म्हणून कामं काढत बसला. तू हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलास. मला वाटलं आता चिडणार. पण तू हळूच म्हणालास, "तू हे त्याच्याबद्दल बोलतेस ना?"

मी म्हणाले, मग आणखी कुणाबद्दल? तू घास खाल्लास. मग म्हणालास, "याचं उत्तर देतो तुला पुढच्या शुक्रवारी. नीट विचार करून देतो." वहिनी म्हणाली, खलास, आता पुढचा शुक्रवारही गेला अफगाणिस्तानात. सगळे हसलो. दारात तू आम्हा तिघांना पाणी दिलंस, मी प्यायले, प्रकाश प्यायला, अन्वीनं तोंड वाकडं करून प्यायलं, आणि आम्ही वादी कबीरला घरी परत आलो.

तुला दापोलीला पोचवून आम्ही परत आल्यावर इथल्या लोकांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. रुवीतल्या त्या नेहमीच्या हॉलमध्ये, बुद्धमूर्तीशेजारी तुझा फोटो. वंदना झाली, त्रिसरण, पंचशील झालं. मागच्या रांगेतले ते कुजबुजणारे सगळे आले होते आणि त्यातला एकजण रडत म्हणाला, आता आम्हाला वेळेवर जेवायला मिळेल, पण चव लागणार नाही. हमरियाचा तुझा नानवालाही आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दारापाशी उभा राहिला, फोटोकडे बघून हात छातीवर ठेवला. मी जवळ गेले तर म्हणाला, "बहनजी, साहब हमारे शहजादे को हमसे ज़्यादा जानता था. अब हम किससे पूछेंगे?" मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

मला बोलायला उभं केलं. मी तुझ्याबद्दल बोलले, आईबद्दल बोलले, तुझ्या बाटल्यांबद्दल बोलले. मैवंदबद्दल बोलायचं ठरवून गेले होते, पण ते राहिलंच.

मग माबेलाला परत आल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं. तुझ्या छातीत गेले दोन-तीन महिने दुखत होतं. जिना चढताना थांबायचास. तिनं दहादा सांगितलं. तू म्हणायचास, जुलैत सुट्टीला गेल्यावर मुंबईला दाखवू, तिकडे डॉक्टर ओळखीचे आहेत. इथे दाखवलं, ऑफिसात कळलं, तर साठी जवळ आलेल्या माणसाला काढायला यांना आयतं निमित्त मिळेल. तू मुंबईच्या हॉस्पिटलात वेळसुद्धा घेऊन ठेवली होतीस. जुलैची. वहिनी हे सांगताना रडत नव्हती. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी ऐकलं कारण सगळेच तसं करतात."

सगळेच तसं करतात, दादा. इथे कुणाची दाढ दुखली की तो लवंग धरून जुलैची वाट बघतो. चष्म्याचा नंबर जुलैत. गुडघा जुलैत. बायकांची दुखणी तर जुलैतच. आपण सगळी आजारपणं बांधून विमानात घालून घरी नेतो, जशी जाताना खजूर आणि चॉकलेटं नेतो. तिकडे आपली माणसं आहेत, आपली भाषा आहे, आणि इथल्या कुणाला काही कळत नाही. मी स्वतः तेच करत आले. आता ती जुलैची वेळ वहिनीनं फोन करून रद्द केली. ती माबेलाचं घर आवरतेय. तिचं इथलं राहणंही तुझ्यावरच होतं, तेव्हा लवकरच तीही जाईल. मग या शहरात आपल्या घरचं म्हणून मी एकटीच राहीन.

तुझ्यावर मला इतका राग आला की त्या खोलीतल्या उशीवर मी बुक्के मारले. आणि त्याच वेळी मला तो शुक्रवार आठवला. तू हे त्याच्याबद्दल बोलतेस ना. तू मला विचारत होतास. माझ्याकडे बघून, घास हातात धरून विचारत होतास, आणि मला वाटलं आपण इतिहासाबद्दल बोलतोय.

त्यानंतर मी काय केलं ते ऐक, म्हणजे तुला हसू येईल. कामाला लागले. कार्यक्रमाच्या जेवणाचा हिशोब पुरा केला. वहिनीच्या कपाटाला लेबलं लावली. नववीच्या सगळ्या वह्या तपासल्या, न सांगता आठवीच्याही तपासल्या. प्रकाश म्हणाला, तू किती खंबीर आहेस. शेजारीण म्हणाली, किती सावरलंत. मी सावरले नव्हते, दादा. मी माळावर बसून माणसं पुरत होते. रविवारची तारीख डॉक्टरांनी लिहून दिली होती आणि मी ती पर्समध्ये तळाशी घातली होती. शाळेचं नवीन कंत्राट अजून हातात आलेलं नाही, एवढं येऊ दे, असं स्वतःला समजावलं. वहिनी जाऊ दे. परीक्षा होऊ दे. अशी कारणं सापडत राहतात आणि प्रत्येक कारण खरं असतं. तुझ्या शहजाद्याचंही प्रत्येक कारण खरं होतं. मेलेले खरे होते, जखमी खरे होते, ऊन खरं होतं.

प्रकाशला मी रिपोर्टबद्दल सांगितलं नाही. सांगितलं अन्वीनं. माझ्या पर्समधून बसचं कार्ड काढायला गेली आणि तो कागद तिच्या हाताला लागला. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचं मराठी तुला माहीत आहे, ठेचकाळत चालतं. इंग्रजीत सुरुवात केली, मग थांबली, आणि मुद्दाम शब्द शोधत मराठीत म्हणाली, "ममा, मामा जुलै म्हणाला होता. तू पण जुलै म्हणणार?"

माझ्या हातातली पोळी तव्यावर जळली. ती तिथेच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत भीती होती, माझ्याइतकीच. पण ती भीती घेऊन ती माझ्यासमोर आली होती आणि मी माझी घेऊन पोळ्या लाटत होते. मग मी गॅस बंद केला आणि मला रडू फुटलं. तू गेल्यापासूनचं पहिलं, धड रडू. ती मला धरून उभी राहिली आणि पाठीवर थोपटत राहिली, तू थोपटायचास तसं, जरा जास्तच जोरात. प्रकाश आला. त्याला सगळं कळलं. तो चिडला, मग रविवारची सुट्टी टाकली, आपल्या इथे आठवडा रविवारीच सुरू होतो ना.

तर आपल्या भांडणाचं माझं उत्तर मला सापडलंय, दादा. तुझं आता मिळणार नाही, म्हणून माझंच ऐक. शहजादा भ्याला होता आणि गोंदनाकही भ्याला होता. भीती दोघांना सारखीच होती. शहजादा भिऊन थांबला. त्याच्याभोवती फौज होती, तोफा होत्या, विजय होता, आणि थांबायला चांगली कारणं होती. गोंदनाकाकडे काहीच नव्हतं. तो भिऊन चालत राहिला. मी आयुष्यभर त्या पळण्याची लाज बाळगली. तू बाळगली नाहीस, आणि तरी शेवटी तू त्याच्यासारखा न वागता शहजाद्यासारखा वागलास. कडेला गाडी घेतलीस, इंडिकेटर लावलेस आणि थांबलास. तुला इतकी वर्षं तो का आवडत होता ते मला आता कळतं, आणि ते कळल्यानं मला बरं वाटत नाही.

पण आभारही मानायला हवेत. गोंदनाक मला तूच दिलास. तू ओटीवर येऊन ती लढाई सांगितली नसतीस तर माझ्याकडे फक्त एक पाण्याचा तांब्या असता, त्यामागे रस्ता नसता. भ्यालेल्या माणसाचे वंशज आहोत हे तू जयंतीच्या स्टेजवरून ओरडून सांगितलंस, तेव्हा मी मान खाली घातली होती. आज तेवढंच एक माझ्या उपयोगी पडतंय.

रविवार उजाडला आहे. प्रकाश खाली गाडी काढायला गेला आहे. मला नर्सनं बजावलंय की सकाळपासून काही खायचं नाही आणि पाणीसुद्धा प्यायचं नाही. तुला कळतंय ना? आपल्या घरातून पहिल्यांदा कुणीतरी पाणी न पिता बाहेर पडणार आहे. हे बघून आईनं दार अडवलं असतं. मी मघाशी सवयीनं तांब्या भरला आणि तो हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला इतकी भीती वाटली की नर्सला फोन करून सांगावंसं वाटलं, आज नको, जुलैत.

अन्वीनं तो तांब्या माझ्या हातातून घेतला. नरसाळं लावून सगळं पाणी एका बाटलीत ओतलं, झाकण घट्ट केलं आणि बाटली स्वतःच्या शाळेच्या दप्तरात घातली. ती आज शाळेला जाणार नाही, पण दप्तर घेऊन येणार आहे. म्हणाली, "हे तुझं आहे. झाल्यावर प्यायचं."

खाली प्रकाशनं हॉर्न वाजवला. भीती आहेच, दादा. पण मी चपला घातल्या आहेत आणि सांगायचं ते सगळं आधीच सांगून झालंय. तहान लागली आहे आणि निघते आहे.